चर्च वारसा यादीत घालण्याआधी काय ठरवावं लागतं

प्रश्न ठाण्यातल्या एका धर्मग्रामातून (पॅरिशमधून) आला आहे. थोडक्यात सांगायचं तर चर्च जुनं आहे, पोर्तुगीज अमदानीतलं मानलं जातं. पॅरिश कौन्सिलमधल्या तरुणांना ते महापालिकेच्या वारसा यादीत जावं असं वाटतं. ज्येष्ठांचं म्हणणं, एकदा नाव यादीत गेलं की खिळा ठोकायलाही साहेबाची सही लागेल आणि उद्या सरकार ताबाच घेईल. फादर म्हणतात, मालमत्ता माझ्या नावावर नाही, मी काय सांगू? शिवाय नाताळाआधी सगळीकडून नवा रंग द्यायचा आणि दर्शनी बाजूला पत्र्याची शेड लावायची, असं ठरत आलं आहे. ते करावं की थांबावं, हेही विचारलं आहे.

ताब्यापासून सुरुवात करतो, कारण अशा बैठका नेहमी तिथेच अडतात. वारसा यादीत नाव गेल्याने मालकी बदलत नाही आणि ताबाही जात नाही. मिस्सा (प्रार्थनाविधी) कधी व्हावी, दार कधी उघडावं, आत कुणाला घ्यावं, यात महापालिकेला काडीचाही अधिकार मिळत नाही. पर्यटकांसाठी चर्च उघडं ठेवायचं बंधनही येत नाही. फरक एवढाच पडतो की इमारतीला हात लावायचा झाला तर आयुक्तांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, आणि आयुक्त ती वारसा संवर्धन समितीच्या सल्ल्याने देतात. खिळ्याच्या बाबतीत मात्र तुमचे ज्येष्ठ अगदीच चुकीचे नाहीत. नियमाची भाषा ऐसपैस आहे. वाढीव बांधकाम, फेरबदल, दुरुस्ती, गिलावा, वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणं, पाडकाम आणि चक्क रंगकामही त्यात येतं. तसबिरीसाठी खिळा ठोकला म्हणून कुणी नोटीस पाठवत नाही, पण दर्शनी भिंत रातोरात फिरोजी केलीत तर ती येऊ शकते. आणि माझ्या मते यायलाच हवी.

भीतीचं मूळ दुसरीकडे आहे. लोक तीन वेगवेगळे दर्जे एकाच पोत्यात भरतात. पहिला दर्जा केंद्राचा, १९५८ च्या कायद्याखालचा, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा. त्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाभोवती शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र येतं. ठाण्यासारख्या खेटून वसलेल्या गावात हे आकडे कानावर पडले की शेजारच्या तीन सोसायट्या विरोधात उभ्या राहणारच. वसईच्या किल्ल्यातली छप्पर उडालेली चर्चेस याच कायद्याखाली आहेत, आणि ‘सरकारने घेतलेलं चर्च’ म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर तीच येतात. ती भग्न झाली अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली येण्याआधीच. पण चित्र तेच राहतं. बरं, या कायद्याखाली उपासना बंदच पडते असंही नाही. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर केंद्राच्या संरक्षणाखाली आहे आणि महाशिवरात्रीला तिथे काय गर्दी होते ते ठाणेकरांना सांगायला नको.

दुसरा दर्जा राज्याचा. १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आणि त्याखालची राज्य संरक्षित स्मारकं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असतात. तिसरा महापालिकेच्या यादीचा, जो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधून येतो. या कायद्याच्या २२ व्या कलमात विकास आराखड्याने काय काय सांभाळावं याची जंत्री आहे आणि तिच्यात ऐतिहासिक, नैसर्गिक, वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागांचं जतन आहे. मुंबईने १९९५ मध्ये याच आधारावर देशातली पहिली शहरी वारसा नियमावली केली. ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर इथे डिसेंबर २०२० पासूनची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि वारसा जतनाचे नियम तिच्यातच आहेत.

नांदत्या चर्चसाठी माझा कौल तिसऱ्या दर्जाला आहे, त्यात मला किंतु नाही. पहिले दोन दर्जे मुळात स्मारक जसंच्या तसं गोठवून ठेवण्याच्या विचारातून आले आहेत. जिथे रविवारी चार मिस्सा होतात, लग्नं लागतात, बाप्तिस्मे होतात, फेस्ताला मंडप पडतो, तिथे दर वेळी खात्याच्या मुख्य कार्यालयाकडे डोळे लावून बसणं कुणालाच परवडत नाही. महापालिकेची यादी बदल गृहीत धरते, फक्त तो विचारून करा म्हणते.

अर्ज लिहायला बसण्याआधी एक फेरी मारा. ठाणे महापालिकेच्या शहर विकास विभागात (नवी मुंबईत असाल तर नगररचना विभागात) जाऊन तुमचं चर्च यादीत किंवा एखाद्या प्रारूप यादीत आधीच आहे का ते पाहा. हसू नका. यादीत नाव असून मालकाला पत्ता नाही, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. हरकतींची सूचना कधीतरी वर्तमानपत्रात येऊन गेलेली असते आणि त्या वेळचे फादर बदलीवर गेलेले असतात. त्याच फेरीत विकास आराखड्याचा तुमच्या भागाचा नकाशा घ्या. त्यावर रस्तारुंदीची रेघ तुमच्या आवारातून जाते का, आणि तुमची गल्ली नागरी पुनरुत्थान योजनेच्या, म्हणजे क्लस्टरच्या (जुन्या इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाच्या) हद्दीत येते का, हे दोन्ही बघा. बिल्डर येऊन चर्च पाडील अशी धास्ती लोक बाळगतात. तसं सहसा होत नाही. रस्ता आधी कंपाउंडची भिंत खातो, मग क्रूस, मग दफनभूमीची कड. म्हणून प्रस्तावात फक्त ‘चर्चची इमारत’ असं लिहू नका. आवार, दगडी क्रूस, विहीर, दफनभूमी, धर्मगुरूंचं जुनं निवासस्थान, जुनी झाडं, जे जे जपण्याजोगं आहे ते नगर भूमापन क्रमांकासह एकेक करून लिहा. मालमत्ता पत्रकाचा उतारा आणि मोजणीचा नकाशा सोबत जोडा. नकाशावर न दाखवलेला क्रूस कागदोपत्री अस्तित्वातच नसतो.

पुढचा मार्ग असा. प्रस्ताव नागरिक, संस्था, मालक, कुणीही सुचवू शकतं. समिती स्वतःहूनही घेऊ शकते. समिती पाहणी करते, महत्त्वाप्रमाणे श्रेणी सुचवते, आयुक्त यादी जाहीर करून साधारण महिनाभराच्या मुदतीत हरकती-सूचना मागवतात, मालकाचं म्हणणं ऐकलं जातं आणि शेवटी मंजुरीसाठी यादी शासनाकडे जाते. वेळ लागतो. निवडणुका, बदल्या, समितीची मुदत संपून नवी नेमणूक रखडणं, असं सगळं मध्ये येतं. नियम मालकाची संमती मागत नाही, फक्त त्याचं ऐकून घ्या म्हणतो. तरीही मालक ठाम विरोधात असताना धार्मिक वास्तूवर श्रेणी लादायला कुठलाही आयुक्त सहसा धजत नाही, आणि लादली तरी पुढची पन्नास वर्षं छप्पर शाकारायचं कुणी? म्हणून कायद्याला नको असली तरी संमती मिळवाच.

इथे फादरांचा मुद्दा येतो आणि तो बरोबर आहे. धर्मग्रामाचे प्रमुख गुरू मालमत्तेचे मालक नव्हेत. ठाणे आणि नवी मुंबई मुंबई महाधर्मप्रांतात मोडतात (वसईचा वेगळा धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला, तो उत्तरेकडचा), आणि स्थावर मालमत्तेबद्दलचा शब्द शेवटी आर्चबिशप हाउसचा. पॅरिश कौन्सिल सल्लागार आहे, तिचा ठराव जोडावा, पण त्यावर विसंबू नये. महाधर्मप्रांताच्या मालमत्ता विभागाचं लेखी पत्र हवं, आणि ते पत्र प्रस्तावाच्या आधी हवं. पुष्कळ ठिकाणी उत्साही मंडळी थेट महापालिकेत अर्ज टाकतात, वर्तमानपत्रात बातमी येते, आणि आर्चबिशप हाउसला ती बातमी वाचून कळतं. मग जो ‘नाही’ येतो तो वारशाला नसतो, वागण्याच्या तऱ्हेला असतो. आपल्या फादरांची बदली काही वर्षांनी होणारच. पत्र फाइलला असेल तर पुढचे फादर नव्याने सुरुवात करणार नाहीत.

घटनेच्या २६ व्या कलमाचा दाखला काही जण देतात, की धार्मिक संस्थेला आपल्या मालमत्तेचा कारभार स्वतः करण्याचा हक्क आहे. आहेच. पण त्याच कलमात तो कारभार कायद्यानुसार करायचा असंही आहे. इमारतीचा परवाना, अग्निशमन, वारसा हे सगळं त्या ‘कायद्यानुसार’मध्ये येतं. अमेरिकेत या वादाने थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं होतं. टेक्सासमधल्या बर्नी या छोट्या गावात १९२३ सालचं सेंट पीटर कॅथलिक चर्च भाविकांना अपुरं पडू लागलं. वाढीव बांधकामाला नगरपालिकेने ऐतिहासिक परिसराचं कारण देऊन नकार दिला, आणि आर्चबिशप धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याखाली न्यायालयात गेले. १९९७ मध्ये निकाल नगरपालिकेच्या बाजूने लागला, तो कायदाच राज्यांपुरता रद्द ठरला. आणि एवढं रामायण झाल्यावर शेवटी काय झालं, तर जुन्या इमारतीचा बहुतेक भाग राखून मागे नवी वाढ, अशी तडजोड. ती पहिल्याच बैठकीत होण्यासारखी होती. आपला कायदा वेगळा, घटना वेगळी. पण गर्दी वाढली, जागा पुरेना, ही अडचण ठाण्यातल्या प्रत्येक धर्मग्रामाची आहे आणि तिचं उत्तर प्रस्ताव लिहिण्याच्या वेळीच शोधावं लागतं.

म्हणजे श्रेणीचा प्रश्न. पहिली श्रेणी राष्ट्रीय किंवा मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंना. तिथे आतबाहेर कुठेच हस्तक्षेप नको, अशी अपेक्षा असते. दुसरी प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाची. आतले बदल बऱ्याच अंशी चालतात, बाहेरच्या रूपाची कडक छाननी होते, आणि काही परिस्थितीत त्याच आवारात शोभेलशी वाढही करता येते. मुंबईत हिचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन पोटभाग आहेत. तिसरी श्रेणी रस्त्याच्या, वस्तीच्या चेहऱ्यासाठी. अभिमानापोटी सगळ्यांना पहिली हवी असते. माझा सल्ला, दुसरी मागा. जिवंत चर्चला आत हालचाल लागते. पहिली श्रेणी घेऊन वेदीची पायरी हलवायलाही समितीपुढे उभं राहायचं, यात भूषण कसलं?

आतल्या हालचालीचं जुनं उदाहरण कॅथलिकांना सांगायला नको. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ मध्ये झाली आणि तिच्यानंतर धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा करू लागले. वेदी भिंतीपासून सुटून पुढे आली. काही ठिकाणी मागची जुनी लाकडी, सोनेरी मुलाम्याची मखरासारखी वेदी जागच्या जागी राहिली आणि तिच्यापुढे नवी साधी वेदी ठेवली गेली. काही ठिकाणी जुनी काढूनच टाकली, कठडे काढले, प्रवचनाचा उंच लाकडी मंच काढला. उपासना पद्धत उद्याही बदलू शकते, आणि ती ठरवणारा अधिकारी महापालिकेत बसत नाही. म्हणून प्रस्तावासोबतच्या महत्त्व-निवेदनात, म्हणजे वास्तूत काय आणि का जपण्याजोगं आहे ते सांगणाऱ्या कागदात, दोन स्तंभ स्पष्ट ठेवा : हे हलवायचं नाही, हे हलवता येईल. जुनी वेदी, वेदीवरची घुमटाकार दगडी कमान, छपराच्या सागवानी कैच्या, जमिनीतल्या कोरीव समाधीशिळा, बाप्तिस्म्याचं दगडी पात्र, घंटा हे पहिल्यात. समोरची वेदी, बाकं, दिवे, ध्वनिक्षेपक, पंखे, गायकवृंदाची जागा हे दुसऱ्यात. समितीने ते मान्य केलं की पुढे मोकळं बोलता येतं. मी हे इतकं घोळून सांगतो आहे, कारण वारसा दर्जावरून झालेली जी भांडणं मी पाहिली त्यातली बहुतेक या एका कागदाअभावी झाली.

तुमच्या धर्मगुरूंना ही भाषा परकी वाटू नये. कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, ११८९ व्या कलमात म्हटलंच आहे की प्राचीनता, कला किंवा भक्ती यांमुळे मौल्यवान ठरलेल्या प्रतिमांची दुरुस्ती बिशपच्या लेखी परवानगीशिवाय करू नये आणि त्यांनी ती देण्याआधी जाणकारांचा सल्ला घ्यावा. व्हॅटिकननेही १९९९ मध्ये जगभरच्या बिशपांना आपापल्या सांस्कृतिक ठेव्याची नोंदवही करण्याबद्दल परिपत्रक काढलं होतं. तेव्हा मूर्ती, चांदीची पात्रं, जुने झगे, नोंदवह्या यांची छायाचित्रांसह यादी तुम्ही करायला घ्याल तर ते पालिकेसाठी केलेलं काम राहणार नाही, चर्चचं स्वतःचंच होईल. फक्त चांदीच्या पात्रांची ती यादी पालिकेच्या फाइलला जोडू नका. ती फाइल माहिती अधिकारात कुणीही मागू शकतं.

आता इतिहास. इथे मंडळी फार सैल बोलतात.

ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू १३२१ मध्ये मारले गेले हे खरं आहे : टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमेत्रियस. जॉर्डनस नावाच्या डोमिनिकन धर्मबंधूने त्यांचे अवशेष सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि पुढे ओडोरिक हा प्रवासी त्यातल्या अस्थी चीनला घेऊन गेला. पण यावरून ‘आमचं चर्च सातशे वर्षांचं’ असं प्रस्तावात लिहिलं की समितीतला इतिहासकार तिथेच कागद मिटतो. घटना, धर्मग्रामाची स्थापना, आणि आज उभी आहे ती इमारत यांची तीन वेगळी सालं असतात. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यानंतर ठाणे परिसरात चर्चेस उभी राहिली. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं, मे १७३९ मध्ये वसई पडली. १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी (ठाणं ज्यात येतं ते बेट) त्यांच्याकडे कायम झाली. या प्रत्येक उलथापालथीत छपरं पडली, पुन्हा चढली, दर्शनी भाग नव्याने बांधले गेले. दारावरच्या शिळेवरचं साल बहुधा यातल्या कुठल्यातरी दुरुस्तीचं असतं. ते पायाभरणीचं समजून चालू नका.

आणि हे कागद एका जागी सापडत नाहीत. पोर्तुगीज काळाचे पणजीच्या पुराभिलेखागारात आणि लिस्बनला. वसई मोहिमेचा पत्रव्यवहार पुण्यात पेशवे दफ्तरात, मोडी लिपीत. इंग्रजी अमदानीचे मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये गावोगावच्या चर्चची तेव्हाची अवस्था, कधी लांबीरुंदीसुद्धा सापडते. सुरुवात तिथून करा, ते मराठी माणसाच्या हाताशी आहे. बाप्तिस्मा-विवाहाच्या जुन्या वह्या तुमच्याच कपाटात असतील; नसतील तर गोव्याला विचारा. साष्टीतले बरेच धर्मग्राम दीर्घकाळ पोर्तुगीज आश्रयाखालच्या बिशपांच्या अखत्यारीत होते, १८८६ नंतर काही काळ दमणच्या धर्मप्रांतात, आणि ती व्यवस्था १९२८ मध्ये मोडली. कागद त्या वाटेने गेले. घंटेची गोष्ट तर आणखी गमतीची. वसई मोहिमेत मराठ्यांनी आणलेल्या चर्चच्या घंटा आज भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगलेल्या आहेत. तुमच्या घंटाघरातली घंटा बरीच नंतरची निघाली तर खट्टू होऊ नका. प्रस्तावात ‘मूळ घंटा उपलब्ध नाही’ हेही वाक्य चालतं, उलट त्याने बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो.

शिवाय एकट्या इमारतीपेक्षा शेजारासकट बाजू मांडली तर ती पटते. मासुंदा तलावाच्या काठी सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, त्याच तलावापाशी कौपिनेश्वराचं देऊळ, चालत जावं इतक्या अंतरावर १८७९ चं सिनेगॉग, तुरुंग झालेला किल्ला, आणि बिशप हेबर यांनी १८२५ मध्ये अभिषेक केलेलं अँग्लिकन सेंट जेम्स. ठाणं म्हणजे काय, हे एवढ्या फेरीत कळतं. तुमचं चर्च या घोळक्यात असो वा बाहेर, त्याच्याभोवतीचं गावठाण, जुनी घरं, क्रूस यांचा परिसर म्हणून विचार करायला सांगा.

पैशाचं थोडक्यात. यादीत गेल्याने दुरुस्तीला अनुदान मिळेल, या आशेवर राहू नका. वारसा नियमांमुळे बांधकामाचे हक्क वापरता आले नाहीत तर हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे ते बांधकाम दुसऱ्या जागी करण्याच्या हक्काची, तरतूद आहे. तो विकता येतो, त्यातून दुरुस्ती निधी उभा राहू शकतो. पण तो विकणं म्हणजे मालमत्तेतला हक्क विकणं. सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्यात स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि चर्चच्या स्वतःच्या कायद्यातही अशा व्यवहाराला परवानग्या आहेत. वकील आणि आर्चबिशप हाउस यांच्याशी बोलल्याशिवाय या पैशाची कुणाला स्वप्नं दाखवू नका. नीट केलेली दुरुस्ती कशी असते ते पाहायचं तर भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चचं काम बघून या. त्याच्या जीर्णोद्धाराची दखल २०१९ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत घेतली गेली.

राहिलं रंगकाम आणि शेड. तुमच्या प्रश्नात हे शेवटी आलं आहे, पण माझ्या लेखी सगळ्यात निकडीचं हेच. यादीत नाव जायला लागेल तेवढा वेळ लागो. रंगाचा ठेकेदार मात्र पुढच्या महिन्यात बांबू बांधील. जुन्या चर्चेसचं जेवढं नुकसान प्रेमापोटी आणि देणगीपोटी झालं आहे, तेवढं बिल्डरांनी केलेलं मी पाहिलेलं नाही. एका चर्चमध्ये तर दानशूर कुटुंबाने पांढऱ्याशुभ्र व्हिट्रिफाइड टाइल्स दिल्या आणि पोर्तुगीज अक्षरांच्या समाधीशिळा त्याखाली गेल्या, सिमेंटच्या जाड थरासकट. त्या आता छिन्नीशिवाय दिसणार नाहीत.

तुमच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीपाशी जा आणि जोत्यापासून छातीपर्यंत बघा. बहुधा तिथे सिमेंटचा गुळगुळीत पट्टा असेल, कधीतरी ओल थांबवण्यासाठी केलेला, आणि त्या पट्ट्याच्या बरोबर वर हातभर उंचीत पोपडे, पांढरा खार आणि बोट लावलं की भुरभुरणारा चुना. कारण सोपं आहे. भिंत दगड-चुन्याची, पाया जमिनीतून पाणी ओढतो, पूर्वी ते पाणी चुन्याच्या गिलाव्यातून उडून जायचं. सिमेंटने वाट बंद केली, पाणी आणखी वर चढलं, आणि जिथे वाट मिळाली तिथे खार सोडून गेलं. आता ठेकेदार काय सुचवतो? पट्टा आणखी दोन फूट वर न्या आणि त्यावर वॉटरप्रूफ प्लास्टिक पेंट मारा. तसं केलंत की पुढच्या पावसाळ्यानंतर खिडक्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोपडे येतील, आणि आतून तुळयांची भिंतीत रुतलेली टोकं कुजायला लागतील. ती दिसतही नाहीत. सिमेंट काढायचं, भिंत एक उन्हाळा तरी उघडी वाळू द्यायची, चुन्याचा गिलावा करायचा, वरून चुन्याचीच सफेदी. त्याआधी आवारातलं पावसाचं पाणी भिंतीपासून लांब जातं का, आणि कुणीतरी पेव्हर ब्लॉक टाकून जमिनीची पातळी जोत्याच्या वर नेली आहे का, तेवढं पाहा. निम्मी ओल तिथेच मिटते.

नाताळाला चर्च उजळलेलं दिसायला हवं हे मलाही कळतं. आतल्या कोरड्या भागांवर सफेदी द्या, बाहेरची भिंत आहे तशी घासून-पुसून राहू द्या. जुन्या वेदीला सोनेरी ऑइलपेंट अजिबात नको. नखाएवढ्या जागेत शल्यचिकित्सेच्या पात्याने थर उकलून पाहिले की खाली काय आहे ते कळतं : पितळी रंग, तपकिरी वॉर्निश, निळा, आणि नशीब असेल तर तळाशी खरा वर्ख. ही तपासणी लाकडी कलावस्तूंच्या संवर्धकाकडून करून घ्या आणि तोवर वेदीवर फक्त मऊ ब्रश फिरवा.

शेड पावसासाठी हवी असेल, आणि लग्नाच्या वऱ्हाडाला ती हवीच असते, तर ती दर्शनी भिंतीला न टेकता स्वतःच्या खांबांवर उभी करा. भिंतीत एकही बोल्ट नको, उंची दरवाज्यावरच्या शिळेच्या खाली, आणि पुढेमागे सोडवून नेता येईल अशी नटबोल्टची जोडणी. पत्र्याचं पाणी भिंतीकडे उतरणार नाही असा उतार द्या. वारसा समितीपुढे अशा शेडचं रेखाचित्र नेलंत तर दुसऱ्या श्रेणीत ते मान्य व्हायला अडचण येऊ नये, आणि यादीत नाव जाण्याआधी उभारलीत तरी नंतर कुणी बोट दाखवणार नाही. रंगाच्या ठेकेदाराला आगाऊ रक्कम दिली असेल तर ती छपराची कौलं फिरवण्याकडे आणि पन्हळी बदलण्याकडे वळवून घ्या.